हवामानबदल आणि आफ्रिकेतील तरुण कलावंत

हवामानबदलाने विस्कटत चाललेले रोजचे जगणे हा विषय आणि पुष्कळदा त्याच जगण्यातील वस्तू हे माध्यम मानून आफ्रिका खंडातील कलावंतांनी, मुख्यतः १९८० नंतर जन्मलेल्या पिढीने, जी शिल्पे, छायाचित्रे, चित्रपट आणि रस्त्यावरील सादरीकरणे केली, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. ही जाहीरनामा काढून सुरू झालेली चळवळ नव्हे. अक्रा (घाना), नैरोबी (केनिया), किन्शासा (काँगो), हरारे (झिंबाब्वे) अशा शहरांत ती आपापल्या परीने वाढली. तापमानवाढीस कारणीभूत असलेल्या वायूंच्या जागतिक उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा ४ टक्क्यांहून कमी धरला जातो. झळ मात्र तेथे थेट पोचली आहे : मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने मोझांबिकमधील बैरा शहर उद्ध्वस्त केले आणि २०२० च्या अखेरीपासून सोमालिया, इथिओपिया व केनिया यांच्या मोठ्या भागात पावसाचे सलग पाच हंगाम वाया गेले. म्हणून येथील कलावंत वितळत्या हिमनगापासून सुरुवात करीत नाही. तो घरातल्या पाण्याच्या कॅनपासून करतो.

घानातील सर्ज अटुक्वेई क्लॉटी (जन्म १९८५) याच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. परदेशातून खाद्यतेल भरून आलेले पिवळे प्लास्टिकचे कॅन तेल संपल्यावर अक्रातील घराघरांत पाणी आणण्यासाठी व साठवण्यासाठी वापरले जात. जॉन कुफुओर अध्यक्ष असताना (२००१–२००९) पाणीटंचाई इतकी वाढली, की लोक त्यांना ‘कुफुओर गॅलन’ म्हणू लागले. फुटके कॅन पुढे गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर साचले. क्लॉटी हे कॅन कापून चौकोनी तुकडे करतो, त्यांच्या कडांना भोके पाडतो आणि तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवतो. दुरून हे पट सोनेरी वस्त्रासारखे दिसतात. जवळ गेल्यावर मात्र उन्हाने विटलेला, ओरखडे पडलेला, प्रत्येक तुकड्यागणिक वेगळा पिवळा दिसू लागतो. या पद्धतीला त्याने ‘अफ्रोगॅलनिझम’ असे नाव दिले. लाबाडी या आपल्या वस्तीतील रस्त्यांवरही त्याने हे पट अंथरले, आणि त्यातून पाण्याबरोबरच जागेच्या मालकीचा व कुटुंबाच्या स्थलांतराचा प्रश्न उभा केला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील वाळवंटी प्रदेशात भरलेल्या ‘डेझर्ट एक्स’ या प्रदर्शनात त्याने याच तुकड्यांनी मढवलेले दोन मोठे घन मांडले. विहिरीची आठवण करून देणारी ती रचना होती.

अशा कामाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मोकळे होण्याची सवय मोठी आहे, आणि ती या कलावंतांवर अन्याय करणारी आहे. येथे कचऱ्याचे सौंदर्य हा मुद्दा गौण आहे. वस्तू कोठून आली, तिचा उपयोग कोणी करून घेतला आणि तिचे ओझे शेवटी कोणाच्या दारात पडले, हा मागोवा महत्त्वाचा आहे. नैरोबीतील ‘द नेस्ट कलेक्टिव्ह’ या गटाने तो सर्वांत रोखठोकपणे घेतला. श्रीमंत देशांत वापरून टाकलेले कपडे दाबून बांधलेल्या गाठींच्या रूपाने पूर्व आफ्रिकेत येतात. स्वाहिलीत त्यांना ‘मितुंबा’ म्हणतात. त्यांतील बराच माल विकण्याजोगा नसतो, आणि कृत्रिम धाग्याचे कापड मुळात खनिज तेलापासूनच बनलेले असते. २०२२ मध्ये जर्मनीतील कासल येथे भरलेल्या पंधराव्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात या गटाने अशाच गाठी रचून बागेत एक दालन उभारले आणि त्याला ‘पाठवणाऱ्याकडे परत’ अशा अर्थाचे नाव दिले. माल ज्या खंडातून निघाला होता, तेथेच तो पुन्हा नेऊन ठेवला होता.

किन्शासात एडी एकेटे याच्या पुढाकाराने जमलेले कलावंत तारा, डबे, टायर, चपला अशा कचऱ्याचे आपादमस्तक पोशाख घालून भर रस्त्यात उतरतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या कोबाल्ट या धातूपैकी निम्म्याहून अधिक धातू काँगोच्या खाणींतून येतो; खनिज येथून जाते आणि कचऱ्याचे ओझे येथे पडते, हे ध्यानात घेतले की त्या पोशाखांतील तारांकडे नुसता कचरा म्हणून पाहता येत नाही.

पाण्याचा विषय चित्रपटात आणि छायाचित्रांतही वारंवार येतो. केनियाच्या वानुरी काहियु (जन्म १९८०) यांचा ‘पुम्झी’ (२००९, स्वाहिलीत ‘श्वास’) हा सुमारे वीस मिनिटांचा चित्रपट पाण्यावरून झालेल्या महायुद्धानंतरच्या काळात घडतो. घाम आणि मूत्र गाळून पिणाऱ्या बंदिस्त वसाहतीतील आशा नावाची तरुणी तेथून निसटते, एक रोप वाळवंटात लावते आणि उरलेसुरले पाणी त्याला घालते. थोड्या आधीच्या पिढीतील आयडा मुलुनेह यांनी इथिओपियातील डालोलच्या रणरणत्या मिठागरांत पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची रंगीत, रंगमंचीय छायाचित्रे काढली. सेनेगलमध्ये राहणाऱ्या फाब्रिस माँतेरो यांनी २०१३ पासून डकारच्या कचरा डेपोसारख्या जागी कचऱ्याची वस्त्रे ल्यालेले जिन (लोककथांतील अदृश्य आत्मे) उभे केले. पृथ्वीनेच त्यांना माणसांकडे पाठवले आहे, अशी त्यामागील कल्पना आहे. नायजेरियाच्या ब्राइट उगोचुक्वू एके यांनी त्याही आधी पाणी व कोळसा भरलेल्या पारदर्शक पिशव्या छताला टांगून आम्लवर्षा दाखवली होती.

या कलेची खरी अडचण तिच्या प्रेक्षकांची आहे. मोठी प्रदर्शने आणि खरेदीदार बहुतांशी युरोप-अमेरिकेत असल्याने ज्या वस्तीतून वस्तू उचलली, त्या वस्तीला पूर्ण झालेले काम क्वचितच पाहायला मिळते. संगणकाच्या कळफलकावरील बटणे आणि टूथब्रश गुंफून मोठे पट विणणारा झिंबाब्वेचा मोफॅट टाकाडिवा (जन्म १९८३) याने यावर काढलेला मार्ग म्हणूनच दखल घेण्याजोगा आहे. हरारेच्या म्बारे या जुन्या कामगार वस्तीतील एका बंद पडलेल्या बिअर हॉलमध्ये त्याने कलावंतांसाठी कार्यशाळा सुरू केली. तेथे तरुण कलावंतांना काम करायला जागा मिळते.