अ‍ॅस्ट्रोसॅट असताना एक्सपोसॅट कशाला? कारण दोघं वेगळंच मोजतात

इस्रोचा एक्सपोसॅट उपग्रह १ जानेवारी २०२४ ला वर गेला तेव्हापासून आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर "भारताची पहिली एक्स-रे दुर्बीण" हा मेसेज अजून फिरतोच आहे. पहिली नाही नं भाऊ! इस्रोचाच अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ लाच गेला होता, एक्स-रे आणि अल्ट्राव्हायोलेट दोन्ही बघणारा. हवा एक्स-रे शोषून घेते म्हणून दोघंही अवकाशात, दोघंही पीएसएलव्ही रॉकेटनेच गेले, दोघांचीही कक्षा साधारण ६५० किलोमीटरवर. हे सगळं तुम्हाला माहीतच असेल.

खरा घोळ पुढे आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट मुख्यतः तीन गोष्टी सांगतो, एक्स-रे कुठून आला, कधी आला आणि किती ऊर्जेचा होता. एक्सपोसॅट चौथी गोष्ट मोजायला गेलाय, त्या लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात ती, म्हणजे ध्रुवीकरण. मे महिन्यात आपण पोलराइज्ड गॉगल लावतो नं, तो निळ्या आभाळाकडे, सूर्यापासून काटकोनात धरून गोल फिरवून बघा, आभाळ गडद-फिकं होताना दिसेल, कारण हवेतून विखुरलेल्या उजेडाचं कंपन एका दिशेला जास्त असतं.

एक्स-रेसाठी असा गॉगल चालत नाही, म्हणून एक्सपोसॅटवरच्या पोलिक्स या उपकरणात मधे बेरिलियम हा हलका धातू ठेवलाय आणि त्याच्या चारी बाजूंनी डिटेक्टर. एक्स-रे बेरिलियमवर आदळून बाजूला उडतो आणि कंपनाच्या दिशेला काटकोनात उडण्याची शक्यता जास्त असते, मग कुठल्या बाजूला जास्त मोजले गेले यावरून दिशा काढायची, आणि डिटेक्टरांचा आपसातला फरक निघून जावा म्हणून अख्खं यान सावकाश स्वतःभोवती फिरवत ठेवायचं. एका फोटॉनवरून, म्हणजे एक्स-रेच्या एका कणावरून, काहीच कळत नाही, ढीगभर जमवावे लागतात, म्हणून एकाच ताऱ्याकडे कितीतरी दिवस बघत बसावं लागतं. एवढी मेहनत कशासाठी? तर न्यूट्रॉन ताऱ्याबद्दल (मोठा तारा फुटल्यावर उरलेला अतिघट्ट गोळा) दोन वेगळी मॉडेल्स कधीकधी अगदी सारखाच स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती एक्स-रे त्याचा आलेख, देतात, ऊर्जा कितीही बारकाईने मोजा, निवाडा होत नाही, पण त्यांचं ध्रुवीकरण वेगळं निघतं आणि चुंबकीय क्षेत्र कसं मांडलेलं आहे ते कळतं.

आणि कृपा करून रंगीत फोटो "एक्सपोसॅटने काढला" म्हणून टाकू नका. पोलिक्सला आरसाच नाही, ते फोटो काढत नाही. तसे फोटो बहुतेक वेळा नासाच्या "चंद्रा" या एक्स-रे दुर्बिणीचे असतात, १९९९ ची दुर्बीण, खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची, चांद्रयानाशी काही संबंध नाही. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे पुतणे, रामन काही काळ नागपुरात हिशेब खात्यात नोकरीला होते आणि पोलिक्स त्यांनीच उभ्या केलेल्या बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बनलं, हे पोरांना जरूर सांगा.

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एका उपकरणानेही क्रॅब पल्सारचं (स्वतःभोवती वेगाने फिरणारा एक न्यूट्रॉन तारा) ध्रुवीकरण मोजलंय, २०१७ मध्ये ते छापून आलं, पण ते १०० ते ३८० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (हे एक्स-रेच्या ऊर्जेचं माप). पोलिक्स ८ ते ३० मध्ये काम करतं, ध्रुवीकरणच मोजणारा नासाचा आयएक्सपीई उपग्रह २ ते ८ मध्ये. मला पोलिक्सचं काम जास्त आवडतं, कारण तो मधला पट्टा जवळजवळ कोराच होता.

अजून एक, एक्सपोसॅटवर एक्सस्पेक्ट नावाचं दुसरं उपकरणही आहे, ते ऊर्जाच मोजतं, त्याने सुरुवातीला कॅसिओपिया ए हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष बघितला. त्याचा आलेख लावून "ध्रुवीकरण मोजलं" असं कुणी लिहिलं तर तिथेच टोका, ते काम पोलिक्सचं आहे.