फोटो इम्पोर्ट होत नाहीत: नाव लांब आहे की अक्षर अडतंय?

बडोद्यातल्या मराठी घरांत एक समजूत पक्की बसली आहे: फोल्डरचं नाव मराठीत दिलं की फोटोंच्या प्रोग्राममध्ये ते फोटो इम्पोर्ट होत नाहीत, म्हणजे आत घेतले जात नाहीत. रावपुऱ्यातला फोटोवाला तेच सांगतो आणि कॉम्प्युटर शिकलेला भाचाही तेच सांगतो, "मामा, नाव इंग्लिशमध्ये करा आणि फोल्डर थेट सी ड्राइव्हवर टाका." तसं केलं की काम होतंही. पण त्या एका वाक्यात दोन उपाय आहेत. नाव बदललं, आणि खोल कुठेतरी पडलेला फोल्डर उचलून वर आणला. गुण दोन्हींपैकी कशाचा आला हे कुणी बघत नाही आणि खापर मराठीवर फुटतं.

विंडोजवर ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत. एकात फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता, मर्यादेपेक्षा लांब असतो, दुसऱ्यात पाथमधलं एखादं अक्षर प्रोग्रामला वाचता येत नाही. संदेश मात्र दोन्हीकडे बहुतेक वेळा एकच येतो: फाइल सापडली नाही. समोर फाइल दिसत असताना हे वाचलं की माणूस चिडतोच.

आधी लांबीचं बघू. पाथसाठी विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरचिन्हांची आहे. त्यातली एक जागा शेवटच्या अदृश्य खुणेला जाते, म्हणजे हाती उरतात २५९. ड्राइव्हचं अक्षर, प्रत्येक तिरकी रेघ, नावातली रिकामी जागा आणि शेवटचं जेपीजी हे सगळं त्यात मोजलं जातं. आता घरच्या फोटोंचा फोल्डर डोळ्यासमोर आणा: बडोदा, त्यात दांडिया बाजारचं घर, त्यात २०२३, त्यात गणपती, त्यात आरती, त्यात 'आजीच्या मोबाइलमधले'. असं करत करत पाथ २२० वर गेला, असं धरू. कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव साधारण १२ अक्षरांचं असतं. तिरकी रेघ धरून २३३ झाले, फोटो आत आला. व्हॉट्सअॅपवरून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या फोटोच्या नावात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ असते, ते नाव ४२ चं. एकूण २६३. तो फोटो बाहेर राहिला.

ओळखायची पहिली खूण हीच. एकाच फोल्डरमधले काही फोटो आले आणि लांब नावाचेच तेवढे राहिले, तर मराठीचा काही संबंध नाही. अक्षराचं दुखणं असतं तर सगळा फोल्डरच अडला असता.

मुळात एवढा लांब पाथ तयार होतो कसा? बहुधा मधल्या एखाद्या फोल्डरचं नाव नंतर वाढवलं जातं. तेव्हा आतल्या फाइलींची लांबी विंडोज तपासत नाही. शिवाय इम्पोर्टमध्ये पाथ दोन असतात, जिथून फोटो घ्यायचे तो आणि जिथे ठेवायचे तो. प्रोग्राम स्वतःहून तारखेचे फोल्डर करत असेल तर लांबी तिकडेही वाढते. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही मर्यादा उठवायची सोय आहे, पण प्रोग्रामही त्यासाठी बनवलेला असावा लागतो. नुसती सेटिंग बदलून जुना प्रोग्राम सुधारत नाही.

मराठी नावं जास्त जागा खातात, असंही ऐकू येतं. विंडोजच्या मोजणीत ते खरं नाही. 'क्षेत्र' डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर हलन्त आणि मात्रा धरून सात मोजतो. पण रोमनमध्ये लिहिलं तरी सातच होतात. 'बडोदा' मराठीत पाच, इंग्लिशमध्ये सहा. इंग्लिश नाव देऊन इथे तोटाच झाला.

अक्षराचं दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे. युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांची एकच यादी) न समजणारा जुना प्रोग्राम विंडोजकडे नाव मागतो, तेव्हा विंडोज ते नाव जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, बसवून देतं. त्यात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, म्हणजे 'बडोदा'ची पाच प्रश्नचिन्हं होतात. प्रश्नचिन्ह हे तर विंडोजने नावात वापरायला बंदी केलेलं चिन्ह, त्यामुळे अशी फाइल कुठेच सापडू शकत नाही. रशियन माणूस सिस्टिमची भाषा रशियन करून सुटतो, कारण रशियनच्या सिरिलिक लिपीला स्वतःचं कोडपेज आहे. देवनागरीला विंडोजने असं कोडपेज दिलंच नाही, गुजरातीलाही नाही. भाषा मराठी करून बघा, हा सल्ला म्हणूनच इथे फुकट जातो. २०१८ पासून सिस्टिमभर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) वापरायचा पर्याय आहे, पण त्यावर 'बीटा', म्हणजे अजून चाचणीतलं, असं लिहिलेलं आहे आणि दुसरे जुने प्रोग्राम त्याने बिघडू शकतात. एका प्रोग्रामसाठी मी तरी त्याला हात लावणार नाही.

हॅश (#), टक्का (%) आणि अँड (&) ही चिन्हंही याच वर्गात मोडतात. विंडोज ती चालवून घेतं, पण पाथला वेबच्या पत्त्यासारखं वागवणारा प्रोग्राम हॅशपाशी थांबतो आणि पुढचं नाव सोडून देतो.

शंका असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. मराठी नाव तसंच ठेवून फोल्डर थेट डी ड्राइव्हवर आणा. इम्पोर्ट झालं तर दोष लांबीचा. नाही झालं तर फोल्डर जागच्या जागी परत नेऊन फक्त नावं रोमनमध्ये करा, पण जुन्या नावांपेक्षा आखूड नको. प्रोग्रामची लॉग फाइल (त्याने काय केलं याची नोंद) उघडता आली तर तीही बघा. प्रश्नचिन्हांची रांग किंवा डोक्यावर तिरका फराटा असलेले विचित्र रोमन ए (à) दिसले की अक्षराचाच प्रश्न आहे.

एका ठिकाणी मात्र ही दोन दुखणी एकत्र येतात. नेटवर्क स्टोरेजच्या डब्यात (घरच्या नेटवर्कला जोडलेली फाइली साठवायची पेटी) बहुधा लिनक्स असतं आणि ते एकेका नावाची लांबी बाइटमध्ये मोजतं, मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. ईक्रिप्टएफएस पद्धतीने एनक्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेला, फोल्डर असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते. 'दांडिया बाजारच्या घरातल्या गणपतीची आरती आणि विसर्जन' हे नाव विंडोजच्या हिशेबात ५१, इथे १४१ बाइट. पुढे २०२३ जोडलं की गेलं. इथे मराठीमुळे अडतं खरं, पण तेही लांबीतूनच.

मॅकवरून आलेल्या जुन्या डिस्कची गोष्ट आणखी बारीक. 'सुरसागर किनाऱ्यावर' या नावातला ऱ तिथली जुनी फाइल सिस्टिम र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा फोडून साठवते. दिसायला नाव तेच, पण ज्या प्रोग्रामने एकसंध ऱ लक्षात ठेवलाय त्याला ते परकं वाटतं. फोल्डर विंडोजच्या डिस्कवर आणून ते नाव एकदा हाताने पुन्हा टाइप केलं की पुरतं.

आणि फोटो रोमन नावाच्या आखूड फोल्डरमध्ये हलवूनही इम्पोर्ट अडत असेल, तर विंडोजच्या खात्याचा फोल्डर बघा. तो मराठी किंवा गुजराती नावाचा असेल तर प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइली त्याच पाथखाली जातात आणि तिथेच अडकतात. खात्याचं दिसणारं नाव बदलून तो फोल्डर बदलत नाही. रोमन नावाने नवं खातं उघडून प्रोग्राम त्यातून चालवावा लागतो.