कोपऱ्यातली फिकट अक्षरं: ॲक्टिव्हेशनची की टेस्ट मोडची?

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन फोन आले. सकाळी पोह्यांवर शेव घालत होतो तेव्हा आत्याचा, आणि दुपारी शेजारच्या काकूंचा. दोघींचं म्हणणं तेच, "अरे, कॉम्प्युटरवर खाली उजवीकडे काहीतरी फिकट फिकट लिहून येतंय, व्हायरस आहे का?" व्हायरस कुठेच नव्हता, पण दोन्हीकडची भानगड अगदी वेगळी निघाली.

मी दोघींना आधी एकच करायला सांगितलं. कुठलंही फोल्डर उघडायचं आणि ओढत त्या अक्षरांवर न्यायचं. अक्षरं फोल्डरच्या वरसुद्धा दिसत राहिली, अगदी फुल स्क्रीन व्हिडिओवरही, तर ते 'ॲक्टिव्हेट विंडोज'. फोल्डरखाली झाकली गेली तर ती वॉलपेपरवर काढलेली आहेत, म्हणजे बहुतेक 'टेस्ट मोड', त्याच्याखाली विंडोजचं नाव आणि बिल्ड नंबर असतो.

आत्याकडे अक्षरं वर दिसत होती, म्हणजे लायसन्सचा मामला. आता ती म्हणते, "अरे, लॅपटॉप घेतला तेव्हा विंडोज ओरिजिनलच होतं ना!" होतंच. पण मागच्या महिन्यात हळू चालतो म्हणून दुकानात फॉरमॅटला दिला होता, आणि तिथल्या पोराने विंडोजच्या होम आवृत्तीच्या जागी प्रो आवृत्ती टाकून दिली (मोठं नाव म्हणजे भारी, असा हिशोब). विंडोज ८ पासून, म्हणजे 2012 नंतरच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये लायसन्सची की (किल्ली) मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाच्या, चिपमध्येच असते, ती होमची असेल तर प्रो काही तिच्यावर ॲक्टिव्हेट होत नाही. परत होम टाकलं, नेट लावलं, अक्षरं गायब, एक रुपया खर्च नाही.

ही अक्षरं यायचं दुसरं कारण मदरबोर्ड बदलणं. डिजिटल लायसन्स हार्डवेअरला बांधलेलं असतं, त्यामुळे बोर्ड बदलला की विंडोजला ते वेगळंच मशीन वाटतं. लायसन्स रिटेलचं, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर सेटिंग्ज, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट इथून हार्डवेअर बदललंय म्हणून सांगता येतं, पण मशीनसोबत आलेलं ओईएम असेल तर ते सहसा जुन्या बोर्डासोबतच जातं. तिसरं म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप. ऑफिसने केएमएसवर, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरून, ॲक्टिव्हेट केलेलं विंडोज 180 दिवसांचं असतं आणि मधेमधे ऑफिसच्या सर्व्हरला भेटून ते नवं होतं, तुम्ही सहा महिने इंदूरला घरून काम करून राहिलात आणि व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला घरून जोडणारी सोय) लावलंच नाही तर एक दिवस अक्षरं येणारच, आयटीवाल्यांना फोन करा.

आता काकू. त्यांच्याकडे अक्षरं फोल्डरखाली झाकली जात होती, म्हणजे टेस्ट मोड; विंडोज एकदम पक्कं ॲक्टिव्हेटेड. झालं असं की काकांचा जुना स्कॅनर चालत नव्हता, भाच्याने कुठूनतरी ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधून आणला, त्याला विंडोजला मान्य असलेली डिजिटल सही नव्हती, नुसती चाचणीपुरती होती. 64 बिट विंडोज एरवी असा ड्रायव्हर आत घेत नाही, म्हणून त्याने बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सही-तपासणी, बंद केलं आणि टेस्ट साइनिंग, म्हणजे टेस्ट मोड, चालू केलं. स्कॅनर चालला, पण दाराची कडी काढून ठेवल्यासारखं झालं, कारण आता दुसराही कुठला चाचणीच्या सहीचा ड्रायव्हर तसाच आत येऊ शकतो.

यावर उपाय एका ओळीचा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा, बीसीडीएडिट लिहून स्पेस, मग स्लॅश सेट, स्पेस, टेस्टसाइनिंग, स्पेस, ऑफ, एंटर, आणि रीस्टार्ट. नंतर सिक्युअर बूटही परत चालू करायचं, पण बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, मशीन मागू शकतं. स्कॅनर अर्थात बंद पडला. काका रुसलेत. आता कागदांचे फोटो मोबाईलने काढा म्हटलं, तर म्हणे त्याला ती मजा नाही.

आणि हो, दोघींनाही नेटवर अक्षरं पुसून देणारी फुकट सॉफ्टवेअरं सापडली होती. आत्याच्यावाल्याने तर आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणून सांगितलेलं, तिथेच मी म्हटलं, आत्या, माऊस खाली ठेव.