धनुष्कोडीहून श्रीलंकेला रेल्वे जात होती का?

‘१९६४ पूर्वी भारतातून श्रीलंकेला समुद्रावरून थेट रेल्वे जायची, वादळात तो पूल बुडाला’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. असा पूल कधीच नव्हता.

सोबत फोटो असतो तो पांबन पुलाचा. १९१४ साली सुरू झालेला हा पूल मुख्य भूमीला रामेश्वरम बेटाशी जोडत होता, लंकेशी नाही. बेटावरच्या पांबनहून एक फाटा बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला जायचा. मद्रासहून येणारी ‘बोट मेल’ ही रेल्वेगाडी तिथे धक्क्यापर्यंत यायची. प्रवासी उतरून आगबोटीत बसायचे, सामुद्रधुनी ओलांडून श्रीलंकेतल्या तलैमन्नारला पोहोचायचे आणि तिथून दुसऱ्या गाडीने कोलंबोला. तिकीट सलग मिळायचं; गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच आहे.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटेत सापडली ती बोट मेल नव्हे, पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर. तीही पुलावर नव्हे, धनुष्कोडीजवळ. शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांच्या मृत्यूची गोष्ट तरी नीट सांगायला हवी. पांबन पुलाचंही मोठं नुकसान झालं, पण ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत दुरुस्त झाला. कोकण रेल्वे उभारणारे तेच हे श्रीधरन. धनुष्कोडीचा फाटा मात्र पुन्हा सुरू झाला नाही. लंकेची बोट पुढे रामेश्वरमहून सुटू लागली.