पावसाळ्यात कॅमेऱ्याला थेंबांपेक्षा बाष्पाची भीती जास्त

कॅमेऱ्यावर पडलेला थेंब दिसतो, म्हणून तो लगेच पुसला जातो. हवेतले बाष्प दिसत नाही, आणि पावसाळ्यात लेन्सचे कायमचे नुकसान बहुधा तेच करते.

जुलैत कोकणात हवा २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. २० अंशांना मात्र हवेत १७ ग्रॅमच मावते. एसी गाडीत २० अंशांवर गार झालेला कॅमेरा बाहेर काढला, की त्याला टेकलेली हवा थंड होते आणि जास्तीचे बाष्प काचेवर पाणी होऊन बसते. लेन्स धुरकटते. बाहेरची काच पुसता येते, आतल्या भिंगांवर, सेन्सरवर किंवा सर्किटवर साचलेले पाणी पुसता येत नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. गाडीतून उतरण्यापूर्वीच कॅमेरा चेनवाल्या प्लास्टिक पिशवीत बंद करावा आणि बाहेर अर्धा-पाऊण तास तसाच ठेवावा. पाणी पिशवीवर जमते, कॅमेरा आत सावकाश बाहेरच्या तापमानाला येतो. त्याहून सोपे म्हणजे शेवटची वीस मिनिटे एसी बंद ठेवणे. परतताना एसी खोलीत शिरण्याआधीही कॅमेरा पिशवीत हवा, पण या वेळी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह, कारण आता दमट हवा कॅमेऱ्याच्या आतच असते आणि थंडाव्याने तिथेच तिचे पाणी होऊ शकते.

प्रत्यक्ष पावसात रेनकव्हर नसेल तर मोठी प्लास्टिक पिशवी चालते. तिला लेन्सच्या मापाचे भोक पाडावे आणि कड लेन्स हूडवर (लेन्सच्या तोंडावरच्या कड्यावर) रबरबँडने घट्ट बसवावी. हूड काढू नये, काचेवर येणारे बरेच थेंब तोच अडवतो. ‘वेदर सील्ड’ म्हणजे जलाभेद्य नव्हे. सांध्यांवर रबराच्या पट्ट्या असतात, आणि जोडलेली लेन्स तशी नसेल तर माउंटमधून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथून, पाणी शिरू शकते. झूम करताना लांबी वाढणारी लेन्स सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते. तिची नळी ओली असताना झूम मागे घेतला, तर पाणीही आत जाते. आधी नळी मायक्रोफायबरने टिपावी. पावसात लेन्स बदलण्याचा तर विचारही करू नये.

घरी आल्यावरचे काम कंटाळवाणे आहे, पण लेन्सचे आयुष्य त्यावरच ठरते. आर्द्रता बराच काळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की भिंगांवर बुरशी धरते. तिच्यातून सुटणारी आम्ले काचेचे कोटिंग खातात. नंतर बुरशी साफ केली तरी डाग राहू शकतात. म्हणून कॅमेरा बॅगेत मुळीच ठेवू नये. बॅगेचा फोम आणि पट्टे ओल धरून ठेवतात. हवाबंद डब्यात १००-२०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, आकडा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहिला पाहिजे. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते विषारी असल्याने स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नकोत.

कॅमेरा चिंब भिजलाच, तर ‘चालतो का’ म्हणून बटण दाबून पाहू नका. ओल्या सर्किटमधून वीज वाहिली की तांब्याच्या रेषा झपाट्याने गंजतात, शॉर्टसर्किटचा धोका वेगळाच. आधी स्विच बंद, मग बॅटरी आणि कार्ड बाहेर, सगळी झाकणे उघडी. अंग टिपून कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात किमान ४८ तास ठेवावा. अनेक जण करतात तसा तो तांदळात ठेवू नये, तांदूळ ओल फारच कमी शोषतात, वर त्यांचे पीठ फटींत जाते. हेअर ड्रायरचा झोत पाणी आणखी आत ढकलतो.

समुद्राचे तुषार उडाले असतील तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा त्याच दिवशी पुसावा. वाळलेले मीठ हवेतली ओल पुन्हा पुन्हा ओढून घेते. खारे पाणी आतच गेले असेल, तर वाळण्याची वाट न पाहता बॅटरी काढून तो लगेच दुरुस्तीला द्यावा.