नकाशा, आराखडा आणि ‘डिसेन्यो’ : वास्तुरेखनाची पार्श्वभूमी

घराचा नकाशा पास झाला की आपण म्हणतो, ‘आता बांधायचं तेवढं राहिलं.’ वास्तू आधी कागदावर पुरी होते आणि जमिनीवर तिची अंमलबजावणी होते, हे त्यात गृहीत असते. ही समजूत 15व्या-16व्या शतकांतल्या इटलीत आकाराला आली. तिच्या मुळाशी असलेल्या ‘डिसेन्यो’ या इटालियन शब्दाचा गुंता अजून सुटलेला नाही.

त्याआधी रेखाटने नव्हती असे मुळीच नाही. स्ट्रासबर्ग आणि कोलोनच्या कॅथेड्रलांचे चर्मपत्रावरचे आराखडे आजही पाहायला मिळतात. कोलोनच्या दर्शनी भागाचा आराखडा सुमारे चार मीटर उंच आहे. यॉर्कला प्लास्टरच्या जमिनीवर पूर्ण मापाच्या रेषा कोरत आणि त्यांवरून दगडासाठी फर्मे कापत. मात्र रेषा ओढणारा हात सहसा पाथरवटांच्याच कामशाळेत तयार झालेला असे.

1450च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या आणि 1485मध्ये फ्लॉरेन्सला छापलेल्या एका ग्रंथाने हे नाते सैल केले. त्याचा कर्ता विद्वान होता, गवंडीकामातून वर आलेला नव्हता. चित्रकाराने छाया आणि यथार्थदर्शन (दूरचे लहान दाखवण्याची पद्धत) वापरून खोलीचा भास निर्माण करावा. वास्तुकाराने मात्र तलविन्यासावरून, म्हणजे इमारतीच्या वरून दिसणाऱ्या आराखड्यावरून, खऱ्या मापांच्या रेषा आणि खरे कोन दाखवावेत, असे त्याने बजावले. सोबत लाकडी प्रतिकृती कराव्यात, त्याही साध्या, रंगरंगोटी न केलेल्या. याच ग्रंथात ‘लिनेआमेंता’ हा शब्द येतो. कुणी त्याचे भाषांतर ‘रेषा’ करते, कुणी ‘तलविन्यास’, कुणी ‘मनातली रचना’.

1519च्या सुमारास रोममध्ये पोपला लिहिलेल्या एका पत्रात हा नियम अधिक नेमका झाला. प्राचीन रोमचे अवशेष मोजून रेखाटण्याचे काम तेव्हा सेंट पीटर्स या चर्चचे बांधकाम सांभाळणाऱ्या चित्रकाराकडे होते. इमारतीचे रेखाटन तीन भागांत करावे, असे पत्र सांगते: तलविन्यास, बाहेरची भिंत, आतली भिंत. आजच्या भाषेत प्लॅन, एलेव्हेशन (बाहेरचे उभे दृश्य), सेक्शन (इमारत उभी कापून दिसणारा आतला भाग). पत्राचे एकाहून अधिक मसुदे आहेत आणि त्यांतल्या एकात यथार्थदर्शनही वास्तुकाराला उपयोगी असल्याचा मजकूर जोडलेला आहे. नियम घालणाऱ्यांनाही तो पुरा पचला नव्हता, एवढे यावरून नक्की दिसते.

आता तो शब्द. ‘डिसेन्यो’. मराठीत त्यासाठी रेखाटन, आराखडा, नकाशा, संकल्पना असे वेगवेगळे शब्द लागतात. इटालियनमध्ये हातातून उतरलेली रेघ आणि डोक्यातला बेत, दोन्ही याच एका शब्दात मावतात. 1563मध्ये फ्लॉरेन्सला ड्यूकच्या आश्रयाने अकादमी स्थापन झाली तेव्हा चित्र, शिल्प आणि वास्तू या तिन्ही कला याच शब्दाच्या छत्राखाली आणल्या गेल्या. पाच वर्षांनी तिच्या प्रमुख पुरस्कर्त्याने डिसेन्योला तिन्ही कलांचा पिता म्हटले. हा निर्णय व्यवहाराचाही होता. तोवर चित्रकार वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या व्यवसायसंघात मोडत, तर शिल्पकार गवंडी-सुतारांच्या संघात. 1571मध्ये अकादमीच्या सभासदांना या जुन्या संघांच्या बंधनातून मोकळीक मिळाली.

कलावंतांना प्रतिष्ठा मिळाली, ती त्यांच्या हक्काचीच होती. पण वास्तूचे काय झाले? चित्र काढणारा स्वतः चित्र पुरे करतो; वास्तू पुरी करायला पाथरवट, सुतार, चुना मळणारे लागतात. तिन्ही कलांचा बाप रेघ ठरवल्यावर कर्तेपण रेघ ओढणाऱ्याकडे गेले आणि बाकीचे ‘हात’ झाले. वास्तुशिक्षणाच्या इतिहासात याहून मोठा आणि कमी तपासला गेलेला निर्णय मला दिसत नाही.

प्रत्यक्ष कामाच्या जागी मात्र रेषा अशी एकटी कधीच नव्हती. फ्लॉरेन्सला सान लोरेंत्सो चर्चच्या नव्या साक्रिस्तीमध्ये (चर्चला जोडलेल्या दालनात) वेदीमागच्या भिंतींवर खिडक्यांची पूर्ण मापातली रेखाटने सापडली आहेत. ती थेट कारागिरांसमोर काढलेली. सेंट पीटर्ससाठी 1539 ते 1546 या काळात केलेली लाकडी प्रतिकृती सात मीटरहून लांब आहे. 1570मध्ये व्हेनिसला चार भागांचा ग्रंथ छापणारा वास्तुकार लहानपणी पादुआत पाथरवटाकडे उमेदवारी करत होता, आणि त्याची 300हून अधिक रेखाटने आज लंडनमध्ये जपलेली आहेत. फ्रान्समध्ये 1567च्या एका ग्रंथाने दगड कापण्याची भूमितीच छापून टाकली आणि रंगवलेल्या देखण्या प्रतिकृतींपासून सावधही केले. पाथरवटांचे ज्ञान असे रेषेत उतरले, पण ते पुस्तक वाचणारा पाथरवट नव्हता.

पॅरिसची 1671ची अकादमी व्याख्यानांची होती. विद्यार्थी भूमिती आणि यंत्रशास्त्र तिथे ऐकत आणि रेखाटन वास्तुकारांच्या कार्यालयांत शिकत. 1720पासून तिथे मोठ्या पारितोषिकाची वार्षिक स्पर्धा नियमित झाली आणि कधीच न बांधल्या जाणाऱ्या राजवाड्यांचे भव्य आराखडे हीच परीक्षा ठरली. 19व्या शतकात ही पद्धत युरोप-अमेरिकेत पसरली.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. मुंबईच्या कलाविद्यालयात 1896मध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला, तो वास्तुकारांच्या कार्यालयांना प्रशिक्षित मदतनीस मिळावेत म्हणून. चार वर्षांचा वास्तुकलेचा अभ्यासक्रम 1908मध्ये आला. फ्लॉरेन्सला ज्या रेषेने ती ओढणाऱ्याला कर्ता केले, तीच रेषा इथल्या मुलांना सुरुवातीला दुसऱ्याच्या बेताची प्रत काढण्यासाठी शिकवली गेली.