बर्लिनच्या दुकानांवरून पुसलेली नावं

बर्लिनच्या हाउसफोगटाइप्लात्स या भुयारी रेल्वे स्टेशनातून वर येताना पायऱ्यांवर पाय ठेवण्याआधी नजर अडखळते. पायऱ्यांच्या उभ्या बाजूवर एकेका पेढीचं नाव लिहिलेलं आहे. वरच्या चौकात तयार कपड्यांचा धंदा करणाऱ्या या पेढ्या, बहुतेक ज्यू कुटुंबांच्या. आज त्यांतली एकही तिथं नाही.

मुळात ज्यू कुटुंबं या धंद्यात आली कशी? १६७१ मध्ये व्हिएन्नातून हाकललेल्या ५० सधन कुटुंबांना बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्ग संस्थानाच्या अधिपतीनं आपल्या मुलखात आसरा दिला. व्यापार वाढवावा एवढाच त्याचा हिशेब. कारागिरांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता. उरलं काय, तर सावकारी, जुने कपडे, कापडाची विक्री. ब्रांडेनबुर्गचंच पुढं प्रशियाचं राज्य झालं; तिथं १८१२ च्या फर्मानानं ज्यूंना नागरिकत्व मिळालं आणि तीनच वर्षांनी नातान इझ्राएलनं एक लहानसं दुकान थाटलं. हेर्मान गेर्सोनची पेढी १८३६ ची. पुढं हाउसफोगटाइप्लात्सच्या परिसरात धंद्याची एक पद्धतच पडली: कापड बेतायचं, कापायचं आणि शिवायला छोट्या शिंप्यांकडे नाहीतर घरी शिवणाऱ्या बायकांकडे द्यायचं. मापाला न थांबता अंगात घालता येईल असा कोट सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो असा.

मोठी दुकानं नंतरची. वेर्टहाइम कुटुंब बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्राल्झुंडचं. माल उघडा मांडायचा, भाव एकच, घासाघीस नाही, नको असेल तर बदलून घ्या, ही त्यांची रीत. लाइप्त्सिगर रस्त्यावरचं त्यांचं भव्य दालन १८९७ चं. ऑस्कार टीट्झनं १८८२ मध्ये गेरा गावात काकाच्या भांडवलावर दुकान काढलं आणि पाटीवर नावही काकाचंच लावलं: हेर्मान टीट्झ. मला ही पाटी फार बोलकी वाटते. घरातल्या वडीलधाऱ्याची पत हीच दुकानाची पत, हे आपल्याकडच्या पेढ्यांनाही समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणूनच घाव आधी नावावर पडला. १ एप्रिल १९३३ ला नाझींनी ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला. त्याच वर्षी बँकांनी कर्जाच्या दाबाखाली टीट्झ कुटुंबाकडून कारभार काढून घ्यायला सुरुवात केली. नवं नाव आलं ‘हेर्टी’. हेर्मानमधला ‘हेर’, टीट्झमधला ‘टी’. माणसं बाहेर, त्यांच्या नावाची मोडतोड मात्र गल्ल्यावर कायम. वेर्टहाइमचं १९३७ मध्ये ‘आवाग’ झालं, म्हणजे नुसती कंपनीची आद्याक्षरं. गेओर्ग वेर्टहाइमनं आपले शेअर ज्यू नसलेल्या पत्नीच्या नावे करून पाहिले, तरी दुकान हातातून गेलंच. १९३९ च्या शेवटच्या दिवशी त्यांचं निधन झालं.

याला सरकारी भाषेत ‘आर्यीकरण’ म्हणत आणि कागदावर ते रीतसर खरेदीखत असे. मी त्याला लूटच म्हणेन. विकणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती आणि देश सोडताना मिळालेल्या पैशातलाही मोठा भाग करात जाई. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूंविरोधी दंगलीनंतर त्यांना किरकोळ व्यापारच बंद झाला, शिवाय सगळ्या समाजावर १ अब्ज मार्कांचा दंड बसला.

नगरभवनासमोरचं इझ्राएलांचं दुकानही त्या दंगलीत फोडलं गेलं. तेव्हा कारभार पाहणारा विल्फ्रिड इझ्राएल हा या इतिहासातला मला सगळ्यात जवळचा माणूस. छळछावणीत नेलेल्या आपल्या नोकरांना सोडवून आणण्यासाठी त्यानं खटपट केली, मुलांना ब्रिटनला पाठवण्याच्या कामात झोकून दिलं आणि स्वतः १९३९ मध्ये, अगदी उशिरा, देश सोडला. १ जून १९४३ ला लिस्बनहून परतताना त्याचं प्रवासी विमान जर्मन विमानांनी पाडलं. तिथं तो निर्वासितांच्याच कामासाठी गेला होता. दुकानाची इमारतही त्याच युद्धात बॉम्बखाली गेली.

वेर्टहाइमच्या जागेचा वाद भिंत पडल्यानंतर पुन्हा उभा राहिला. दुकानांचा वारसा ज्या कंपनीकडे आला होता तिनं २००७ मध्ये ८ कोटी ८० लाख युरो द्यायचं मान्य केलं, म्हणजे पाटी उतरल्यावर ७० वर्षांनी. लाइप्त्सिगर प्लात्सवरच्या त्या जागेत २०१४ पासून मॉल ऑफ बर्लिन आहे.